एकट्याने उपटून गाजरगवत जात नाही

पहिले दोन पाऊस पडले की शिवारात बांधावरून कुरबुरी सुरू होतात. यंदा आमच्याकडेही झाली. भाजीचा आमचा पाच गुंठ्यांचा तुकडा आम्ही मे महिन्यातच साफ केला होता. शेजारचा तुकडा पडीक, मालक नोकरीसाठी दुबईला. तिथं गाजरगवत कमरेएवढं वाढलं, पांढऱ्या फुलांनी भरलं आणि महिन्याभरात आमच्या वांग्यांच्या ओळीत त्याचीच रोपं दिसू लागली. अम्मीच्या हातांना आणि मानेला एवढी खाज सुटली की डॉक्टरांनी शेतात जाणंच बंद करायला सांगितलं.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात ते लक्षात आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं, असं लोक मानतात, म्हणून काही जण त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात. त्या वाऱ्यानं उडतात, पावसाच्या पाण्यानं वाहतात, ट्रॅक्टरच्या चाकाला आणि चपलेला चिकटून जातात. बांध त्यांना काय अडवणार?

पण सगळा दोष शेजाऱ्यावर ढकलणं बरोबर नाही. मागच्या वर्षी आम्हीच फुलावर आलेलं गवत उपटून बांधावर टाकलं होतं. उपटलेल्या झाडाचं बीसुद्धा पिकून गळतं, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

म्हणून वेळ महत्त्वाची. रोप उगवल्यापासून साधारण महिन्या-दीड महिन्यात फूल धरतं, त्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावं. वरून कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल हवाच, आणि ज्यांना एकदा त्रास झालाय त्यांनी हात लावूच नये. फूल नसलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं, फुलावरचं अजिबात टाकू नका. मोकळ्या जागी टाकळ्याचं बी फेकलं तर तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. मेक्सिकन भुंगाही पावसाळ्यात पानं खातो. 1984 मध्ये तो आपल्या देशात मुद्दाम सोडला गेला. मात्र नुसत्या भुंग्याच्या भरवशावर राहू नये. तणनाशकाचं म्हणाल तर भाजीच्या कडेला आम्ही ते टाळतो, फवारा वाऱ्यानं रोपांवर येतो.

आम्ही दुबईला फोन लावला. थोडी चिडचिड झाली, मग तिकडून उत्तर आलं, "चाचा, तुम्हीच माणसं लावा, मजुरी मी पाठवतो." आता दोन्ही तुकडे आणि मधला बांध एकाच दिवशी साफ होतात. जुनं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे जोराची सर येऊन गेली की पंधरा दिवसांनी पुन्हा फेरी मारावी लागते. पुढची फेरी येत्या रविवारी आहे.