फक्त बदल तेवढा पाठवा

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’ संस्थेत विसाव्या शतकाच्या अखेरीस एका अमेरिकी सूचीची ‘मिरर’ प्रत ठेवलेली होती. ‘नासा’च्या मदतीने हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात चालणारी ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम’ म्हणजे खगोलशास्त्रातील शोधनिबंधांची सूची. इथल्या संशोधकाला प्रत्येक शोधासाठी सातासमुद्रापार जावे लागू नये, हा हेतू. पण परदेशाशी जोडणारी लाइन तेव्हा संथ आणि महाग. मूळ सूचीत तर सतत भर पडणार. सगळी सूची पुन्हा पुन्हा मागवावी तर लाइन त्यातच अडकते. न मागवावी तर पुण्यातली प्रत शिळी होते.

अशा प्रतींसाठी ‘आरसिंक’ ही प्रणाली कामी आली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती १९९६ मध्ये तयार केली. तत्त्व केसपेपरसारखे आहे. फेरतपासणीला आलेल्या रुग्णाचा सारा पूर्वेतिहास डॉक्टर नव्याने लिहीत नाहीत, नवे तेवढेच लिहितात. पण नवे काय हे ठरवायला दोन्ही कागद शेजारी हवेत, आणि इथे एक पुण्यात, दुसरा अमेरिकेत. म्हणून जुनी प्रत असलेला संगणक आपल्या फाइलचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यावरून छोटे आकडे काढतो आणि फक्त ते पाठवतो. पलीकडचा संगणक आपल्या फाइलमध्ये तसेच तुकडे शोधतो, तेही एकेक अक्षर पुढे सरकत. कारण सुरुवातीला एखादा शब्द घुसला तरी पुढचा सगळा मजकूर जागेवरून हलतो. जे जुळत नाही तेवढेच धाडले जाते. नवी फाइल पूर्ण झाल्यावरच जुनीची जागा घेते, त्यामुळे मध्येच लाइन तुटली तरी जुनी प्रत शाबूत राहते.

रुग्णालयांना याच्याशी काय देणेघेणे? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे संगणक ठप्प केले, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. अनेक संगणकांवर ती चढवलीच गेली नव्हती, आणि तिथे तर इंटरनेटची वानवाही नव्हती.

दुर्गम आरोग्य केंद्रात सकाळी ओपीडी भरलेली असताना संगणक अपडेट होत बसला, की नोंदणीची रांग थांबते. कर्मचारी ‘नंतर’वर बोट ठेवतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुरुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी एकदाच उतरवून घ्यावी आणि तिथून बदललेला भाग तेवढा रात्री केंद्रांकडे जावा, हे जास्त शहाणपणाचे. त्यासाठी केंद्रातला संगणक रात्रभर चालू हवा, म्हणजे रात्रभर वीज हवी. घोडे बहुधा तिथेच पेंड खाते.