मृतांसाठी प्रार्थना, हुतात्म्यांना वंदन

ख्रिस्ती परंपरेत मृत्यूनंतरचा शोक हा केवळ आप्तांच्या दुःखाचा नव्हे तर उपासनेचाही विषय असतो, आणि युद्धाने किंवा दहशतवादाने ज्यांचा बळी घेतला त्यांच्यासाठी ही उपासना कशी असावी, हा प्रश्न चर्चला वेळोवेळी नव्याने सोडवावा लागला आहे. कॅथलिक चर्चमध्ये सामान्य मृताला चिरशांती लाभावी, त्याच्या पापांची क्षमा व्हावी, म्हणून त्याच्या नावे मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याचा मुख्य उपासनाविधी, केला जातो. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या रक्तसाक्षीची, म्हणजेच हुतात्म्याची, गोष्ट वेगळी आहे. त्याच्यासाठी क्षमा मागणे हा त्याचा अवमान असून उलट आपणच त्याच्याकडे मध्यस्थीची याचना करावी, असे संत ऑगस्टीन यांनी सांगून ठेवले आहे. म्हणूनच अंत्यविधीच्या वेळी धर्मगुरूंच्या अंगावर पांढरी, जांभळी किंवा काळी वस्त्रे असतात, तर हुतात्म्याच्या सणाला लाल. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण वसईत आनंदानेच साजरा होतो, त्यामागे हीच धारणा आहे.

युद्धात मारले गेलेले सैनिक आणि नागरिक सामान्यतः पहिल्या वर्गात येतात. पहिल्या महायुद्धात मृतांची संख्या कल्पनेपलीकडे गेली, तेव्हा पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ साली प्रत्येक धर्मगुरूला २ नोव्हेंबर या मृतस्मरणाच्या दिवशी एकाऐवजी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा प्रॉटेस्टंट पंथांनी सोळाव्या शतकातच सोडली होती. परंतु मुलगा परत न आलेल्या लाखो घरांची गरज इतकी तीव्र होती की त्याच युद्धाच्या काळात इंग्लंडच्या चर्चमध्येही अशा प्रार्थनांना पुन्हा जागा मिळाली.

दहशतवादाच्या बळींचा प्रश्न याहून अवघड आहे. हुतात्मा ठरण्यासाठी मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असावा लागतो, आणि मरणाऱ्याने तो मृत्यू श्रद्धेपोटी स्वीकारलेला असावा लागतो. २०१५ च्या फेब्रुवारीत लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावर तथाकथित इस्लामिक स्टेटच्या हस्तकांनी ज्या २१ मजुरांचे शिर कापले, त्यांच्याबाबत या दोन्ही अटी उघडच पूर्ण होत होत्या. त्यांतील २० जण इजिप्तच्या प्राचीन कॉप्टिक चर्चचे होते आणि एक घानाचा होता. मारेकऱ्यांनीच केलेल्या चित्रफितीत त्यांच्या ओठांवर शेवटच्या क्षणी येशूचे नाव ऐकू येते. कॉप्टिक प्रमुख पोप तवाद्रोस दुसरे यांनी काही दिवसांतच त्यांना हुतात्मा म्हणून मान्यता दिली आणि १५ फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन ठरला. ज्या चर्चची कालगणनाच ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ. स. २८४ पासून, सुरू होते आणि तिला ‘हुतात्म्यांचे युग’ म्हणतात, त्या चर्चला हा मार्ग नवा नव्हता. या मजुरांच्या भक्तिचित्रांत त्यांच्या अंगावर चित्रफितीतला कैद्यांचा नारिंगी पोशाखच दिसतो, आणि डोक्यावर मुकुट. पुढे २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांची नावे कॅथलिक हुतात्म्यांच्या ग्रंथातही घेतली. अन्य चर्चच्या आधुनिक हुतात्म्यांना असा मान क्वचितच मिळतो.

बॉम्बस्फोटात मात्र मरणाऱ्याला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही. बाकावर आईशेजारी बसलेल्या मुलाने काय स्वीकारले आणि काय नाकारले, असे विचारणेही क्रूरपणाचे आहे. या अडचणीला चर्चच्या पंचांगात एक जुना आधार सापडतो. बायबलनुसार बाळ येशूला मारू पाहणाऱ्या हेरोद राजाने बेथलेहेममध्ये ज्या बालकांची कत्तल केली, त्यांना कोणतीही निवड करता आली नव्हती, तरी २८ डिसेंबरला त्यांचे स्मरण हुतात्मे म्हणूनच होते. विशेष म्हणजे रोमन विधीत शतकानुशतके त्या दिवशी बहुधा लाल नव्हे तर शोकाची जांभळी वस्त्रे घातली जात, आणि लाल रंग १९६० च्या सुधारणेनंतर रूढ झाला. मुलांचा गौरव मान्य करूनही त्यांच्या आयांचे रडणे उपासनेतून पुसून न टाकणारी ती जुनी रीत अधिक सच्ची होती, असे म्हणावेसे वाटते.

श्रीलंकेतील चर्चला २०१९ साली नेमक्या याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. २१ एप्रिलला, ईस्टरच्या सकाळी, कोलंबोतील सेंट अँथनी, नेगोंबोजवळच्या कटुवापिटियाचे सेंट सेबॅस्टियन आणि बट्टिकलोआचे झायन ही तीन चर्चे आणि कोलंबोतील मोठी हॉटेले यांवर आत्मघातकी हल्ले झाले व अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. एकट्या कटुवापिटियात शंभराहून अधिक जण गेले. प्रॉटेस्टंट झायन चर्चच्या मृतांत रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची मुले बरीच होती. ईस्टरनंतरचे आठ दिवस चर्च पुनरुत्थानाचा आनंद गाते, आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी, सेंट सेबॅस्टियनच्या आवारात सामुदायिक अंत्यविधी सुरू झाले. त्या चर्चमधील पुनरुत्थित ख्रिस्ताच्या पुतळ्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. तो धुऊन पुसून पूर्ववत करण्याऐवजी डागांसह काचेच्या पेटीत जतन करण्यात आला आहे.

श्रीलंकेच्या चर्चने शोक आणि न्यायाची मागणी यांची फारकत होऊ दिली नाही, ही त्याची मोठी गोष्ट आहे. कार्डिनल माल्कम रणजित यांनी सूड घेऊ नका असे लोकांना बजावले, पण हल्ल्याची पूर्वसूचना मिळूनही ज्यांनी हालचाल केली नाही त्यांना जाब विचारणे सोडले नाही. ७ मार्च २०२१ हा रविवार ‘काळा रविवार’ म्हणून पाळला गेला आणि भाविक काळे कपडे घालून मिस्साला आले. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना बळींच्या भरपाईसाठी दहा कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. २०२५ साली व्हॅटिकनने या हल्ल्यांतील १६७ कॅथलिक मृतांची नावे एकविसाव्या शतकातील श्रद्धेच्या साक्षीदारांच्या यादीत घेतली. हे संतपद नव्हे, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रार्थना करणे आणि त्यांचा अभिमान बाळगणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या घरच्यांना करता येतात. हॉटेलांत मारल्या गेलेल्या अन्यधर्मीयांचे नाव या यादीत येणे शक्य नव्हते, मात्र कटाच्या खऱ्या सूत्रधारांचा छडा लावण्याची मागणी चर्चने सर्वच मृतांच्या वतीने केलेली आहे.