पोपटाला मिरची चालते, मग दूध-पोळी का नको?

दुधात कुस्करलेली पोळी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे आणि वर एक हिरवी मिरची. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत 'मिठू'चे ताट असेच लागते. या ताटातली सर्वांत निर्धोक वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेकांना धक्का बसेल. ती मिरची आहे.

मिरचीतल्या ज्या घटकाने आपल्या डोळ्यांतून पाणी येते, त्याचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. त्यांना मिळते ते 'अ' आणि 'क' जीवनसत्त्व. दुधाचे मात्र उलट आहे. पक्षी पिलांना दूध पाजत नाहीत, त्यामुळे दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या पोटात नाही. दूध-पोळीने विष्ठा पातळ होते आणि उन्हाळ्यात वाटीतले दूध तासाभरात नासते ते वेगळेच. बिस्किट, फरसाण, चहात बुडवलेला टोस्ट हे सगळे याच यादीत. मीठ आणि चहा या दोन्ही गोष्टी एवढ्याशा जिवाला झेपत नाहीत.

आधी पोपट कोणता, ते पाहा

आहाराआधी कायद्याचे बोलावे लागेल. गळ्याभोवती गुलाबी कडे असलेला आपला हिरवा पोपट पाळणे, विकणे किंवा विकत घेणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासूनच बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर हा पोपट अनुसूची 2 मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आमच्याकडे आजोबांपासून आहे' हे उत्तर चालत नाही.

होळीच्या आसपास झाडांच्या ढोलीत पिले असतात आणि त्याच दिवसांत ती चोरून विकली जातात. असे पिलू सापडले किंवा घरात आधीपासून पोपट असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. पश्चात्ताप होऊन पिंजरा उघडून देणे हाही उपाय नाही. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, त्याला खाणे शोधता येत नाही आणि तो मांजराच्या किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

मग पाळता काय येते? बजरीगर आणि कॉकटेल. (बाजारात बजरीगरलाच 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड वेगळे आणि त्यांच्या बहुतेक जातींची नोंदणी लागते.) आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कोन्युअर असे विदेशी पोपट असतील तर 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. पुढचा मजकूर या पाळता येणाऱ्या पक्ष्यांसाठी आहे.

शेतात चालते ते पिंजऱ्यात का नाही?

जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पोपट काय खातो हे सांगावे लागत नाही. ज्वारीचे कणीस, करडईचे बोंड, बागेतला पेरू यांवर थवे उतरतात. मग तेच दाणे घरी दिले तर बिघडले कुठे?

रानातला पोपट त्या दाण्यासाठी रोज काही किलोमीटर उडतो. शिवाय एकाच दाण्यावर राहत नाही, कळ्या, फुले, कोवळा पाला, फळे असे सगळे चोचीखालून जाते. पिंजऱ्यातला पक्षी दिवसभर दांडीवर बसून असतो आणि समोर सूर्यफुलाच्या बियांची वाटी भरलेली असते. बिया, करडई आणि शेंगदाणे यांत तेल भरपूर, पण 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. चरबी यकृतात साठते. चोच वेडीवाकडी वाढते, पिसांची चमक जाते, शिंका येतात, तोंडात पांढरे ठिपके दिसतात. घरच्यांना वाटते सर्दी झाली. खरे तर महिनोन्‌महिने नुसते दाणे खाऊन झालेली ती उपासमार असते, भरल्या वाटीसमोरची.

शेंगदाण्याला आणखी एक खोट आहे. दमट पोत्यातल्या दाण्याला बुरशी लागते आणि तिचे विष यकृतावरच घाव घालते. द्यायचाच तर खारवलेला नको, माणसाच्या खाण्याच्या प्रतीचा, आठवड्यातून एखादा. वाशीममध्ये घरोघरी असलेल्या सोयाबीनबाबतही सावध राहावे. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचे पचन अडवतात, म्हणून ते कच्चे देऊ नये. कच्चा राजमाही नाही.

दिवसाचा क्रम

पक्षी दोनदा मनापासून खातात, उजाडल्यावर आणि मावळतीच्या आधी. हे ध्यानात घेतले की वेळापत्रक आपोआप बसते.

सकाळी भूक कडकडीत असते तेव्हा दाणे द्यायचे नाहीत. आधी भाजीपाला. शेवग्याचा पाला यात पहिल्या क्रमांकावर, कारण त्यात 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही आहे आणि आपल्याकडे तो फुकट मिळतो. शिवाय किसलेले गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मेथी, कोथिंबीर. पालक अधूनमधून, कारण तो शरीरातले कॅल्शियम अडकवतो. मोड आलेले मूग उत्तम. फळात पेरू, पपई, डाळिंब. सफरचंदाच्या बिया मात्र काढून. फवारणी झालेला माल असू शकतो, म्हणून सगळे वाहत्या पाण्यात धुवावे. हे ताट दोन तासांत उचलायचे. मे महिन्यात चाळिशीपार तापमानात मोड आलेले कडधान्य दुपारपर्यंत आंबते.

संध्याकाळी मोजून दाणे. बजरीगरला राळा (दुकानात त्याला कांगणी म्हणतात) आणि बाजरी मिळून दिवसाला साधारण दोन चहाचे चमचे पुरतात, कॉकटेलला त्याहून जास्त. शक्य असेल तर दाण्यांऐवजी तयार गोळीखाद्य म्हणजे पेलेट मुख्य आहार करावा. पण बदल हळूहळू, काही आठवडे घेऊन. एवढासा पक्षी रुसून एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेतते.

पाणी दिवसातून दोनदा बदलायचे, उन्हाळ्यात तीनदा, आणि वाटी घासून. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा, विशेषतः मादी असेल तर. कॅल्शियम कमी पडले की अंडे अडकते आणि मादी दगावते. सकाळचे कोवळे ऊन थेट मिळावे. काचेतून आलेल्या उन्हाचा 'ड' जीवनसत्त्वासाठी उपयोग नाही.

एक फसवणूक नेहमी होते. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि साल वाटीतच टाकतात. वाटी भरलेली दिसते, आत नुसता कोंडा. गावाला जाताना 'वाटी भरून ठेवली होती' म्हणणाऱ्यांचे पक्षी असेच मरतात. रोज वाटीवर फुंकर मारून पाहावे.

हे कधीच नको

चॉकलेट, कांदा-लसूण आणि अ‍ॅव्होकॅडो. अ‍ॅव्होकॅडो आता शहरांतल्या फळवाल्यांकडे दिसू लागला आहे, पण पक्ष्यांसाठी तो सरळ विष आहे. खाण्यातला नसला तरी स्वयंपाकघरातलाच आणखी एक धोका म्हणजे रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा. त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीही मिनिटांत मरू शकतो.

डॉक्टरकडे कधी?

पक्षी आजार लपवतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. आठवड्यातून एकदा सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करावे. बजरीगर 30 ते 40 ग्रॅम, कॉकटेल 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास भरतो. नेहमीच्या वजनात दहा टक्के घट झाली, पिसे फुगवून पक्षी खाली बसून राहिला किंवा विष्ठेचा रंग बदलला तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तिथून पुढे पाठवले तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते. जाताना पिंजऱ्याच्या तळातला त्या दिवसाचा कागद विष्ठेसकट आणि दाण्याची पिशवी सोबत घ्यावी. डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.