बेळगावचा मुलगा, डेट्रॉइटचा खासदार

मुलांनो, पाटसच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या जाताना तुम्ही पाहिल्या असतील. उसात साखर किती आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासतात. वस्तूत काय दडले आहे, हे शोधून देण्याचाच धंदा एका मराठी माणसाने अमेरिकेत केला. त्यात ते श्रीमंत झाले, सारे गमावून बसले आणि पुढे तेथे खासदार झाले. त्यांचे नाव श्री ठाणेदार. यातला 'श्री' आदरार्थी नाही बरे का, ते त्यांचे नावच आहे!

ठाणेदारांचा जन्म 1955 साली चिकोडी येथे झाला. बालपण बेळगावात गेले. ते चौदा वर्षांचे असताना वडिलांची नोकरी संपली. घराला हातभार लावत ते शिकले. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर 1979 साली ते अमेरिकेला गेले आणि 1982 साली रसायनशास्त्रात पीएच.डी. झाले. 1988 साली त्यांना तेथील नागरिकत्व मिळाले.

पुढे त्यांनी कर्ज काढून सेंट लुइस शहरातील 'केमिर' ही छोटी प्रयोगशाळा विकत घेतली. या प्लॅस्टिकला तडा का गेला? या औषधात काय मिसळले आहे? असे प्रश्न घेऊन कारखानदार तेथे येत. धंदा वाढला. ठाणेदारांनी आणखी कर्ज काढून आणखी प्रयोगशाळा घेतल्या. तेवढ्यात 2008 ची मंदी आली. कर्ज फिटेना. 2010 साली बँकेने जप्ती आणली. (कर्ज आणि जप्ती हे शब्द तुम्हाला उर्दूतून ओळखीचे आहेतच.)

त्या वेळी त्यांच्या एका प्रयोगशाळेत शंभरावर कुत्री आणि काही माकडे अडकून पडली. पुढे निवडणुकीत विरोधकांनी याचा जाब विचारला. ताबा बँकेकडे होता, असे ठाणेदारांनी उत्तर दिले. मुक्या जनावरांचा हा प्रश्न लोक सहजासहजी विसरले नाहीत, आणि ते बरोबरच होते.

ठाणेदारांनी मिशिगन राज्यात येऊन नवी प्रयोगशाळा उभी केली. 2016 साली तिचा मोठा हिस्सा विकून ते राजकारणात उतरले.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे बहुधा पुढारी ठरवत नाहीत. त्यासाठी आधी मतदारच मत देतात. 2018 साली राज्याच्या गव्हर्नरपदासाठी ठाणेदारांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले. सुमारे दोन लाख मते मिळाली, पण क्रमांक तिसरा आला. 2020 साली ते डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेवर गेले. 2022 साली संसदेच्या जागेसाठी त्यांच्या पक्षातच नऊ उमेदवार उभे होते. ठाणेदारांना 28 टक्के मते मिळाली आणि तेवढी पुरली! नोव्हेंबरची मुख्य निवडणूकही त्यांनी जिंकली. पैसा त्यांनी याही वेळी भरपूर ओतला होता.

डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती सर्वांत मोठी आहे. जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच त्या शहराला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. आमच्या वतीने बोलणार कोण, असे अनेकांनी विचारले. 2024 साली मतदारांनी ठाणेदारांना पुन्हा निवडून दिले.

सात वर्षे नागरिक असलेला परदेशी जन्माचा माणूस अमेरिकेत खासदार होऊ शकतो. राष्ट्राध्यक्ष मात्र होऊ शकत नाही. त्यासाठी जन्मतःच अमेरिकेचा नागरिक असावे लागते.