सीमाप्रदेशीय अमेरिकन बंदुकीची प्रतिकृती : तिचे पुराव्याच्या दृष्टीने मूल्य

ज्या बंदुकीस पुढे ‘केंटकी रायफल’ हे नाव मिळाले, तिची जन्मभूमी वस्तुतः केंटकी नव्हे, पेनसिल्व्हेनिया होय. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन व स्विस बंदूककारांनी मायदेशातील आखूड, जाड नळीच्या शिकारी बंदुकीस नवे रूप दिले. नळी चाळीस इंचांपलीकडे गेली व तिचे छिद्र लहान झाले. साहजिकच तेवढ्याच शिशात अधिक गोळ्या पडू लागल्या. अरण्यात महिनोन्‌महिने वावरणाऱ्या शिकाऱ्यास ही काटकसर फार मोलाची होती. केंटकीचे नाव पसरले ते १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर लोकप्रिय झालेल्या एका गीतामुळे.

या बंदुकीच्या हातघडणीच्या प्रतिकृती आज अमेरिकेत अनेक कारागीर करतात. तोंडाने बार भरावयाच्या बंदुकांच्या हौशी नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. जॉन डिलिन यांचा या बंदुकीवरील ग्रंथ त्याआधीच, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न हौसेचा नाही. अशी प्रतिकृती हा पुरावा मानता येईल काय?

नळीचे उदाहरण घेऊ. संग्रहालयातील नळी मोजता येते, पण ती कोणत्या क्रमाने घडली हे मोजमापावरून कळत नाही. लोखंडाची चपटी पट्टी पांढरीशुभ्र तापवून, गजाभोवती गुंडाळून, एकेका टप्प्यात काही इंचच सांधावी लागते. नंतर छिद्र कोरावयाचे, आत ताणलेल्या दोऱ्याच्या आधाराने नळीचा बाक पाहून तो काढावयाचा आणि मग आतील पीळदार चरे पाडावयाचे. लाकडी दांड्याच्या टोकाशी बसविलेले छोटे पाते, सर्पिल खाचा असलेल्या लाकडी लाटेच्या नियंत्रणाखाली, नळीतून पुनःपुन्हा ओढले जाते. चरा खोल करण्यासाठी पात्याखाली कागदाची चिठ्ठी सारतात. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पीळ ठरतो तो लाटेवरून. म्हणजे एकाच लाटेवर कापलेल्या नळ्यांचा पीळ एकच येणार. सही नसलेल्या नळ्यांचा कारखाना शोधताना ही खूण विचारात घेण्यासारखी आहे. ती केवळ कपाटातील वस्तू न्याहाळून सहसा सुचत नाही.

विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गसलर यांनी अठराव्या शतकातील साधनांनीच संपूर्ण रायफल घडविली. तिच्या घडणीचा १९६९ चा चित्रपट म्हणूनच संशोधनसाधन ठरतो. याउलट पुष्कळ आधुनिक कारागीर तयार नळी व तयार चाप विकत घेतात आणि मॅपल लाकडाचा दस्ता, पितळी पेटी व कोरीव काम तेवढे हाताने करतात. यात गैर काही नाही; मात्र अशा बंदुकीवरून दस्त्याविषयी बोलावे, नळीविषयी बोलू नये.

दारूच्या शिंगांची स्थिती बरी आहे. १७५४ ते १७६३ च्या युद्धकाळातील नकाशे व सनावळ्या कोरलेली अस्सल शिंगे उपलब्ध असल्याने नमुना ताडून पाहता येतो. सुऱ्यांचे तसे नाही. त्या व्यापारातून आलेल्या स्वस्त वस्तू तरी असत, नाहीतर गावठी लोहाराने घडविलेल्या. वापरून झिजल्या आणि फेकल्या गेल्या. त्यांच्या प्रतिकृतींत अनुमानाचा अंश बराच मोठा असतो.

खरा धोका निराळाच आहे. नव्या वस्तूस मुद्दाम जुनेपण आणण्याची, म्हणजे गंज चढविणे, कडा झिजविणे, दस्ता काळवंडविणे याची, चाल रूढ आहे. पहिल्या खरेदीदारास सत्य ठाऊक असते. तिसऱ्या-चौथ्या हाती मात्र तीच वस्तू ‘अस्सल’ होते आणि तिच्यावरून काढलेली मापे ग्रंथांत शिरतात. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय शस्त्रकायद्याने तोंडाने भरावयाच्या चकमकीच्या बंदुकांच्या प्रतिकृती जुन्या शस्त्रांबरोबरच नियंत्रणातून वगळल्या. त्यामुळे कायद्याच्या कागदपत्रांतूनही नव्या-जुन्याचा निर्णय लागेल असे नाही. तेव्हा कारागिराने आपले नाव व वर्ष नळीच्या दस्त्याखालील बाजूस, पुसता येणार नाही इतके खोल कोरावे, आणि अभ्यासकाने नळी दस्त्यातून सोडवून ती बाजू पाहिल्याखेरीज मापे प्रसिद्ध करू नयेत.