भूमीची साक्ष

हिंगोली जिल्ह्यातील अनेक गावांच्या विहारांत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती उजळते. पुढे बसलेल्या उपासकाला ती मूर्ती शांततेचा प्रत्यय देते. परंतु ती काही सांगतही असते, याकडे फारसे लक्ष जात नाही. मस्तकावरील उष्णीष ज्ञानाचे चिन्ह आहे. लांबलेल्या कर्णपाळी त्यागिलेल्या राजकुंडलांची आठवण देतात. उंचावलेला तळहात अभय देतो. आणि भूमीला टेकलेली बोटे माराच्या आव्हानापुढे पृथ्वीलाच साक्षीस बोलावितात.

ही भाषा या प्रदेशाला परकी नव्हे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली उजेडात आलेल्या तेथील ताम्रपटात नांदीकटाचा, म्हणजे नांदेडचा उल्लेख आहे. हिंगोली या दोहोंच्या मधोमध वसली आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविणारा वराहदेव याच घराण्यातील हरिषेणाचा सचिव होता.

पाषाणातील हे वैभव सर्वांना ठाऊक आहे. धातूतील वैभव मात्र योगायोगानेच हाती लागले. १९६४ साली बऱ्हाणपूरजवळच्या फोफनार येथे सात, तर १९८२ साली रामटेकजवळच्या हमलापुरी येथे तीन बुद्धमूर्ती मिळाल्या. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही त्यांची रीत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त तिचे वर्णन केले आहे. साचा फोडल्यावाचून मूर्ती बाहेर येत नाही. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव असते.

आणि धोकाही येथेच आहे. भंगलेला पाषाण निदान पाषाण म्हणून तरी उरतो. कांस्य मात्र मुशीत गेले की शिल्प संपते, उरतो तो धातूचा भाव. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा दंडनीय अपराध होय. परंतु हा कायदा शेतात नांगर धरणाऱ्याला सांगणार कोण?

हे काम गावच्या शिक्षकाचे आहे, कचेरीतील कारकुनाचे आहे. एखाद्या शनिवारी वर्ग विहारात नेऊन मुद्रांचा अर्थ समजावून दिला, तर उद्या नांगराच्या फाळाला धातू लागताच तोच मुलगा आधी बापाचा हात धरील. भूमी साक्ष द्यावयास केव्हाही सिद्ध असते; ती ऐकणारा मात्र हवा.