‘५’ हा अंक आहे काय?

कागदावर ‘५’ दिसला की तो अंक आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावे लागते. आणि आज्ञावली कोणत्या भाषेत लिहिली आहे, त्यानुसार त्याचे उत्तरही बदलते.

संगणकाच्या लेखी प्रत्येक चिन्ह म्हणजे एक क्रमांक. अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ संकेतप्रणालीत इंग्रजी शून्य ते नऊ या अंकांना ४८ ते ५७ हे सलग क्रमांक मिळाले. साहजिकच तपासणी सोपी झाली. चिन्हाचा क्रमांक या मर्यादेत आहे का, एवढेच पाहायचे. त्यातून ४८ वजा केले की अंकाची किंमत हाती येते. (‘शून्य’ या चिन्हाचा क्रमांक शून्य नसतो, येथेच नवशिके हमखास अडखळतात.) ‘सी’ भाषेतील ‘इजडिजिट’ हे तयार फंक्शन केवळ या दहा चिन्हांनाच अंक मानते.

‘युनिकोड’मध्ये देवनागरी अंकांचे क्रमांक २४०६ ते २४१५ असे आहेत. ‘जावा’तील ‘इजडिजिट’ त्यांनाही अंक मानते. हे योग्यच, पण खरा धोका पुढे आहे. ‘५’ अंक ठरल्यावर प्रोग्रामरने जुन्या सवयीने त्याच्या २४११ या क्रमांकातून ४८ वजा केले, तर पाचाऐवजी २३६३ ही संख्या मिळते. संगणक तक्रार करीत नाही, हिशेब मात्र चुकतो. अशा वेळी वजाबाकी न करता ‘गेटन्यूमेरिकव्हॅल्यू’ हे फंक्शन वापरावे. ते पाचच देते.

‘पायथन’ची तिसरी आवृत्ती ‘५’चे रूपांतर बिनचूक करते. मात्र तिचे ‘इजडिजिट’ चौरस मीटर लिहिताना वर येणाऱ्या बारीक दोनलाही अंक ठरवते आणि त्याची संख्या करू गेल्यास आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. म्हणून आकडेमोडीसाठी तेथे ‘इजडेसिमल’ हीच चाचणी अधिक भरवशाची.

‘जावास्क्रिप्ट’मध्ये नेमकी उलट अडचण. तेथे अंक शोधण्यासाठी सर्रास वापरली जाणारी खूण इंग्रजी अंकांपलीकडे पाहतच नाही. त्यामुळे अशी तपासणी असलेल्या अर्जात मराठी कळफलकावरून पिनकोड भरणाऱ्यास ‘कृपया केवळ अंक लिहा’ अशी सूचना मिळू शकते, आणि तीही शुद्ध मराठीत.